वाटून खाण्याचे कुंपण

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. कोठीत नवे धान आलेले असते. मुले दारोदार ते मागतात आणि त्या दिवशी मागण्यात कोणी कमीपणा मानत नाही. याच सुमारास तिळगूळ वाटणाऱ्या मराठी वाचकाला हा सण परका वाटू नये.

असा विषय निघाला की निसर्गातील औदार्याचे दाखले दिले जातात. दाखले खोटे नाहीत. रक्तावर जगणारे वटवाघूळ सलग दोन-तीन रात्री उपाशी राहिले तर मरते. अशा वेळी सोबतीण आपल्या पोटातले रक्त ओकून त्याला भरवते. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टारिकातील हे निरीक्षण १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. मुंग्या तर पोटाआधीच्या पिशवीत साठवलेला द्रव तोंडातोंडी देतात. व्हीलर यांनी १९१८ मध्ये या देवघेवीला ‘ट्रोफॅलॅक्सिस’ हे नाव दिले.

माझा आक्षेप एवढाच, की गोष्ट इथे अर्धीच सांगून होते. मुंग्यांच्या अनेक जातींत या घासाबरोबर घशाजवळच्या ग्रंथीतील हायड्रोकार्बनेही फिरतात आणि त्यांतून साऱ्या वारुळाचा एक सामाईक गंध घडतो. ज्या मुंगीचा गंध जुळत नाही, तिच्यावर हल्ला होतो. म्हणजे जी देवघेव ‘आपले’ घडवते, तीच ‘परके’ही ठरवते.

माणसाकडे ग्रंथी नाही, पंगत आहे. ‘रोटीबेटी व्यवहार’ या आपल्या शब्दातच कुंपणाचे दोन पदर आहेत. कोरडे धान्य कोणाकडूनही चाले, शिजवलेला भात मात्र चालत नसे. छेरछेऱ्याच्या झोळीत कच्चे धानच पडते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

१९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून आलेल्या माणसांना एका पाळीत काम करावे लागले. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी या कामगारांचा अनेक वर्षे अभ्यास केला. गावात ज्यांच्या हातचे पाणी चालत नसे, त्या सतनामींबरोबर इतर जातींचे कामगार कारखान्यात जेवू लागले. रोटीचा पदर सैल झाला. बेटीचा फारसा नाही. मुंगीचा गंध असा हुकमाने बदलत नाही. पंगतीचा नियम बदलतो, पण त्यासाठी पाळी, पगार आणि भूक एकाच जागी यावी लागते.

शाळेतही ती जागा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे माध्यान्ह भोजन नाकारले. तिला काढण्यात आले. मग दलित मुलांनी नव्या स्वयंपाकिणीच्या हातचे नाकारले.