मूल घरी गेल्यानंतरचे दोन महिने

पोषण पुनर्वसन केंद्रातून मूल घरी जाते त्या दिवशी आपली कागदपत्रे पूर्ण असतात. दाखल होतानाच्या वजनात 15 टक्के वाढ झालेली असते, पायांची सूज उतरलेली असते, भूक परतलेली असते. आईला आहार समजावून सांगितलेला असतो. मग ती मेळघाटातल्या किंवा सातपुड्यातल्या पाड्यावर परत जाते. त्या घरात पुढे काय शिजले, मुलाला कोणी भरवले, जुलाब लागल्यावर अंगावरचे दूध बंद केले का, यातले फार थोडे आपल्यापर्यंत येते. मूल पुन्हा घसरल्याचे बहुधा ते पुन्हा दाखल झाल्यावरच कळते. दूरवैद्यकसेवा पोषणाच्या कामात आणायची असेल, तर ती सगळ्यांत आधी या काळासाठी आणावी, असे आमचे ठाम मत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 25.6 टक्के बालके उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. चौथ्या फेरीतही आकडा हाच होता. त्यांतली तीव्र कृश बालके मात्र 9.4 टक्क्यांवरून 10.9 टक्क्यांवर गेली. एवढ्या मुलांना केंद्रातल्या खाटा पुरणार नाहीत आणि बहुतेकांना त्यांची गरजही नाही. त्यांना घरीच सांभाळावे लागेल, आणि घरी सांभाळायचे म्हणजे कोणीतरी नेमाने विचारपूस करणारे हवे.

‘ई-संजीवनी’ नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. मार्च 2020 मध्ये दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे आली. आज उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. ही सोय मुख्यतः तक्रार ऐकून उपचार सुचवण्यासाठी आहे. कुपोषित मुलाची आई मात्र तक्रार घेऊन येत नाही. पोर जन्मापासून बारीकच आहे, असे ती समजून चालते. म्हणून तिच्या फोनची वाट न पाहता ठरलेल्या वारी आपणच फोन लावायचा. तोही सकाळी अकराला नव्हे, ती रानातून परतल्यावर. देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल 2019–21 मध्ये सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच होता, असे हीच कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. तेव्हा नवऱ्याच्या फोनवर भिस्त ठेवण्यापेक्षा अंगणवाडी सेविका किंवा आशाताई घरी गेलेल्या असताना त्यांच्या फोनवरून बोलणे बरे. आशाताई तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत बाळाच्या घरी पाच भेटी देतातच. त्या भेटींना आहारतज्ज्ञ दुरून जोडला गेला, तर नवी यंत्रणा उभारावी लागत नाही.

कॅमेऱ्यातून काय दिसते? आपण समजतो त्याहून पुष्कळ. वाटीतली पेज चमच्यावरून पाण्यासारखी ओघळते की थांबते, हे दिसते. मूल स्वतंत्र वाटीत खाते की मोठ्यांच्या ताटातून, आई भरवताना थांबते की घाई करते, बाळाने स्तन नीट तोंडात धरला आहे का, हे सगळे पाहता येते. केंद्रात विचारलेल्या प्रश्नांपेक्षा घरातल्या चुलीजवळची पाच मिनिटे जास्त सांगून जातात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने स्तनपानाची पकड आणि पूरक आहार यांवर मराठीतही चित्रफिती केल्या आहेत. संवादाआधी सेविकेने आईला त्यातली एक दाखवली, तर निम्मे काम झालेले असते.

जे दिसत नाही तेही सांगितले पाहिजे. दोन्ही पावलांवर अंगठा दहा सेकंद दाबून खड्डा राहतो का, हे सेविकेच्या हातालाच कळते. दंडाची पट्टी 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेली का, वजनकाटा शून्यावर होता का, हेही तिच्याकडूनच. मूल मलूल आहे, अंग गार लागते, काही गिळत नाही, असे ती म्हणाली की बोलणे तिथेच थांबवायचे आणि 108 ला फोन करायचा. कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या आईपाशी आपला शब्द पोचवणारीही सेविकाच. तिला मोबाइल धरणारी समजू नका. तिचा अभिप्राय तिच्या नावानिशी नोंदीत यायला हवा, आणि या वेळेचे मानधन तिला मिळायला हवे.

स्थलांतराच्या बाबतीत तर फोनला पर्याय दिसत नाही. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. नोंदवही गावात राहते, फोन नंबर सोबत जातो. थळात, कोपीवर असलेल्या मुलाचा पाठपुरावा त्याच आहारतज्ज्ञाने चालू ठेवावा आणि तिथल्या जवळच्या अंगणवाडीशी त्याची गाठ घालून द्यावी.

पण घरात डाळ नसेल, तर डाळ खायला सांगून काय होणार? श्रावणात रस्ते तुटतात, कणगी रिकामी होते, नेटवर्कही जाते. म्हणून प्रत्येक संवादाच्या शेवटी दोन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत: घरात आज काय आहे, आणि घरपोच आहार, अमृत आहार योजनेतली अंडी, रेशनचे धान्य यांपैकी काय अडले आहे. अडलेल्याची सूचना त्याच दिवशी पर्यवेक्षिकेकडे जावी आणि तिचे उत्तर पुढच्या संवादात वाचले जावे. नेटवर्क नसेल तेव्हा चित्रफीत व वजन फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते. आहारतज्ज्ञाने ते दुसऱ्या दिवशी पाहिले तरी चालते.

किती संवाद झाले, यावर या कामाचे मोजमाप होऊ नये. दोन महिन्यांत किती मुलांचे वजन चढते राहिले, तेच मोजा. जिल्हा रुग्णालयांतल्या आहारतज्ज्ञांना आठवड्यातल्या दोन संध्याकाळी या कामासाठी अधिकृतपणे मोकळ्या द्याव्यात, ही मागणी आम्ही आरोग्य विभागाकडे करत आहोत. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात आहारतज्ज्ञांच्या व्यवसायालाही स्थान आहे; त्यांनी कोणाच्या तरी परवानगीने मध्येच दोन शब्द बोलावेत, ही पद्धत आता सोडायला हवी.

वाचकांकडून आम्हाला एक मदत हवी आहे. आपल्या तालुक्यात कोणत्या महिन्यात घराघरांत काय असते, म्हणजे नाचणी, कुळीथ, मोहाची फुले, रानभाज्या, सुकी मासळी, त्याची यादी आम्हाला पाठवा. फोनवर बसणाऱ्या आहारतज्ज्ञाच्या हाती ती असली, तर त्याला त्या घरातल्याच जिनसांतून वाटी सुचवता येईल. पुढच्या अंकापासून एकेका तालुक्याची यादी आम्ही छापू.