एकाच दुखण्याचा डॉक्टर गावाला परवडतो का?

आपल्या गावचा डॉक्टर ताप बघतो, जखम शिवतो, पोराचे जुलाब थांबवतो. 'एखाद्या रोगात तज्ज्ञ का होत नाही?' असे विचारून बघा. उत्तर ठरलेले. 'एकच रोग धरून बसलो तर बाकीचे पेशंट जातील, दवाखाना चालायचा कसा?' ही भीती खोटी नाही, पण पुरती खरीही नाही.

महाडचे उदाहरण घ्या. कोकणात लाल विंचू चावला की फुफ्फुसात पाणी भरून धडधाकट माणूस दगावत असे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात याच दंशाचा पिच्छा पुरवला. रक्तदाबावरचे प्राझोसिन वेळेत दिले तर रोगी वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यासाठी मुंबईत दवाखाना थाटावा लागला नाही.

तेव्हा तज्ज्ञ होणे म्हणजे बाकीच्यांना दार बंद करणे नव्हे. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, जोखमीचे बाळंतपण हे गावाचेच विषय आहेत. त्यात एकाचा तरी हात पक्का बसला पाहिजे, कारण तालुक्याची वाट धरेपर्यंत वेळ निघून जातो. शिकायला गेलेल्या सरकारी डॉक्टरच्या जागी बदली माणूस देणे हे शासनाचे काम.

आणि आपले? साध्या तापाला शहर गाठायचे नि वर 'गावात डॉक्टर टिकत नाही' म्हणून ओरडायचे, हे थांबवा. ज्याचा हात एका दुखण्यात बसलाय, त्याच्याकडे शेजारच्या गावचाही पेशंट पाठवा. त्याची भीती तिथेच मोडेल.