थीम पार्कची नोकरी आणि आपल्या दुकानातला कागद

अबुधाबीच्या यास बेटावर डिस्नेचे थीम पार्क उभे राहणार, ही घोषणा ७ मे २०२५ रोजी झाली. तेव्हापासून आमच्या बाजारात एक नवा विषय सुरू झाला आहे. चहाच्या टपरीवर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या बाहेर, तीच चौकशी. तिथे आपल्या मुलांना नोकरी मिळेल काय? किती पैसे भरावे लागतील? पहिला प्रश्न योग्य आहे. दुसरा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आणि तिसरा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही, तो आम्हाला आज या पानावर मांडायचा आहे. नोकरी मागायला जाणाऱ्या मुलाच्या हातात आपण, म्हणजे त्याचे शेठ आणि उस्ताद, काय देऊन पाठवतो?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. थीम पार्क म्हणजे नुसती पाळण्यांची जत्रा नव्हे. आपल्याकडे गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले; खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये उघडले. यास बेटावर फेरारी वर्ल्ड २०१० मध्ये, यास वॉटरवर्ल्ड २०१३ मध्ये, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड २०१८ मध्ये आणि सीवर्ल्ड २०२३ मध्ये सुरू झाले. म्हणजे नोकऱ्या देणारी चार मोठी पार्के तेथे आजही चालू आहेत. डिस्नेचे मात्र अजून उघडलेले नाही. ते बांधणार आणि चालवणार ती मिराल ही अबुधाबीची कंपनी. डिस्ने आराखडा, नाव आणि देखरेख देणार. तेव्हा "डिस्नेच्या पाळण्यावर ऑपरेटर पाहिजेत, पुढच्या महिन्यात विमान" असे कोणी सांगत असेल, तर जे पार्क उघडलेच नाही त्याच्या पाळण्यावर हा मुलाला कसा बसवणार, एवढे त्याला विचारावे.

आता कामे कोणती? पाळणा चालवणारा आणि पट्टा नीट बसला की नाही हे तपासणारा तर लागतोच. त्याशिवाय तिकीटघर, भेटवस्तूंची दुकाने, उपाहारगृहे, पाण्याजवळचे जीवरक्षक आणि सफाई. पण पडद्यामागे पाहिले तर थीम पार्क म्हणजे कारागिरांचा मोहल्लाच आहे. सुतार, रंगारी, वेल्डर, वातानुकूलन यंत्रांचे मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फायबरचे काम करणारे आणि शिंपी. होय, शिंपी. पात्रांचे आणि कर्मचाऱ्यांचे शेकडो पोशाख रोज धुवायचे, मापाला आणायचे, उसवले ते शिवायचे, हरवलेले बटण त्याच रंगाचे लावायचे. हे काम आपल्या मुलांना दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही.

मग अडते कुठे? दोन ठिकाणी. पहिले बोलण्यात, दुसरे कागदात.

बोलण्याचे आधी सांगतो. डिस्नेच्या पार्कमध्ये कर्मचाऱ्याला 'कास्ट मेंबर' म्हणजे नाटक मंडळीतला सभासद म्हणतात आणि त्याच्या गणवेशाला 'कॉस्च्युम'. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले तेव्हापासूनची ही रीत, आणि पुढे या धंद्यात अनेकांनी ती उचलली. तेव्हा मुलाखत घेणारा केवळ हात किती चालतो हे बघत नाही. पाहुणा चिडला, मूल रडले, रांग लांबली तर हा माणूस कसा वागेल, हे तो बघतो. आम्ही स्वतः उर्दू माध्यमातून शिकलो. इंग्रजीत बोलायची वेळ आली की घसा कसा कोरडा पडतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. परंतु मुलाखतीचे इंग्रजी म्हणजे शेक्सपिअर नव्हे. आपले नाव, काम, अनुभव, आणि 'गिऱ्हाईक रागावले तर काय कराल' याचे चार वाक्यांत उत्तर. हे तीन महिन्यांत जमते. आणि आपल्या दुकानातला मुलगा तर रोज तेच करतो! चाळीस थान उलगडून एकही न घेता उठणाऱ्या गिऱ्हाइकाला जो हसून पुन्हा यायला सांगतो, त्याला पाहुण्याशी बोलायचे शिकवावे लागत नाही. फक्त भाषा बदलावी लागते. शिवाय खाडी देशांत उर्दू आणि हिंदी बोलणारे पाहुणे पुष्कळ असतात. उर्दू ही मुलाखतीत लपवायची नव्हे, अर्जात लिहायची गोष्ट आहे.

आता कागदाचे. येथे आमचीच गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती आमच्या भूषणाची नाही.

आमच्या दुकानात सहा वर्षे काम केलेला एक मुलगा आहे. माप घेणे, कापणे, मशीनवर दुरुस्ती, गल्ल्यावर बसणे, सर्व काही येते. त्याने परदेशातील एका मोठ्या पार्कच्या पोशाख विभागासाठी अर्ज केला. फोनवर मुलाखत झाली, ती बरी गेली. नंतर त्यांनी तीन गोष्टी मागितल्या : अनुभवाचे पत्र, पगाराचा पुरावा आणि दहावीचे प्रमाणपत्र. मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, सहा वर्षांचा एक कागद पाहिजे होता." आम्ही लेटरहेड शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की सहा वर्षे त्याचा पगार रोख दिला आणि तो आमच्या लाल चोपडीत नुसता टोपणनावाने लिहिला. नेमणूक किती तारखेची ते आम्हालाच आठवेना. पत्र दिले, पण त्याच्या जोडीला पगाराची एकही नोंद देता आली नाही. त्यातच प्रमाणपत्रावर नाव एक आणि पासपोर्टवर थोडे निराळे निघाले. एकीकडे मोहम्मद पूर्ण, दुसरीकडे त्याचे आखूड रूप. ते दुरुस्त होईपर्यंत मुदत संपली. जागा गेली. मुलगा आम्हाला काहीच बोलला नाही, आणि तेच आम्हाला अधिक लागले.

त्यानंतर आठ दिवसांनी त्याची आई दुकानात आली. एक एजंट दीड लाखात "पार्कची पक्की नोकरी" देतो म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जायचे, मग तिथे सगळे पक्के होते. म्हणून बांगड्या सराफाकडे नेत आहे, असे तिने सांगितले. आम्ही त्या गृहस्थाला फोन करून परवान्याचा क्रमांक विचारला. त्याने आधी नातेवाइकांच्या ओळखी सांगितल्या, मग आवाज चढवला, मग फोन ठेवला. बांगड्या वाचल्या. पण विचार करा, ती बाई त्या दारापर्यंत का गेली? आम्ही सरळ रस्त्याचा कागद दिला नाही, म्हणून ती वाकड्या रस्त्याला लागली.

म्हणून पैशाचा प्रश्न चुकीचा असे आम्ही वर म्हटले. आपल्या देशात १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटकडे सरकारी परवाना लागतो, तो ई-मायग्रेट या सरकारी यादीत तपासता येतो, आणि त्याची फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढीच ठरवलेली आहे. ती घेतल्याची पावती त्याने दिली पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मालकाला मनाई आहे. व्हिजिट व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा आहे. पकडला जातो तो मुलगा, एजंट येथेच राहतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीची अट असते, त्याला तर मंजुरीशिवाय विमानात बसताच येत नाही. नोकरीचा देकार तेथील मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात येतो, अरबी आणि इंग्रजीसह कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत, आणि त्या भाषांत उर्दूही आहे. तेव्हा "इंग्रजीत होते, कळले नाही, सही केली" ही सबब आपण आपल्या मुलांना शिकवू नये. त्यात मूळ पगार वेगळा आणि भत्ते वेगळे पाहावेत, कारण ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात : एक वर्ष पूर्ण झाले की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. परीक्षाधीन काळ सहा महिन्यांहून जास्त नसतो. रमजानमध्ये रोज दोन तास काम कमी, हाही तेथे कायदाच आहे.

दाढी आणि हिजाब यांविषयीही विचारणा होते. या धंद्यात पेहरावाचे नियम कडक असतात हे खरे. अमेरिकेतील डिस्नेच्या पार्कांत कर्मचाऱ्यांना दाढी ठेवण्याची मुभा २०१२ साली मिळाली, तीही बारीक राखलेली. त्याच साली कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या हॉटेलात काम केलेल्या एका मुस्लिम महिलेने हिजाबच्या प्रश्नावर कंपनीला न्यायालयात खेचले. तात्पर्य, नियम दगडावर कोरलेले नसतात, पण विचारल्याशिवाय बदलतही नाहीत. मुलाने किंवा मुलीने नेमणुकीपूर्वीच अदबीने विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. नोकरी लागल्यावर भांडण्यापेक्षा हे बरे.

आता पुन्हा आपल्याकडे वळू. काही व्यापारी बंधू आम्हाला म्हणाले, "असे कागद देऊ लागलो तर कामाची मुले टिकतील काय?" हा प्रश्न खोटा नाही. तयार झालेला मुलगा गेला की दुकान लंगडे होते, हे आम्हीही भोगले आहे. परंतु कागद न देऊन माणूस टिकत नाही. तो फक्त दीड लाख देऊन जातो, आणि कर्ज डोक्यावर घेऊन जातो. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा ही ताकीद कुरआनात सूरह अल-बकरामध्ये आहे. उधारीच्या बाबतीत आपण ती पाळतो, गिऱ्हाइकाची पाई न पाई चोपडीत उतरवतो. मग ज्याने आपल्याला उमेदीची सहा वर्षे दिली, त्याची नोंद का नको? त्याचा अनुभव ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि अमानत मागितली की परत करायची असते.

करायचे आहे ते फार नाही. कामावर ठेवताना तारीख घालून एक पानाचे पत्र द्यावे, पासपोर्टवर किंवा दाखल्यावर आहे त्याच नावाने. पगार बँकेतून द्यावा, निदान त्याचा काही भाग तरी. वर्षाअखेरीस कोणते काम केले, कोणते यंत्र चालवले, ते दोन ओळींत लिहून सही-शिक्का करावा. खोटा अनुभव मात्र कोणालाही लिहून देऊ नये. एक खोटे पत्र पकडले गेले की आपल्या बाजाराच्या शंभर खऱ्या पत्रांवर संशय येतो. उस्तादाकडे शिकलेल्या, पण प्रमाणपत्र नसलेल्या कारागिराने आधी अवगत असलेल्या कौशल्याची परीक्षा द्यावी. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत त्यासाठी आरपीएल नावाचा स्वतंत्र भाग ठेवला गेला आहे. कोकणातल्या खाडीत लहानपणापासून पोहणाऱ्या मुलाने जीवरक्षकाचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. पोहणे येते म्हणून नोकरी मिळत नाही, प्रमाणपत्र आहे म्हणून मिळते. आणि मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलाखतीचा सराव घ्यावा. जागा आमच्या गोदामात आहे, चहाही आमच्याकडून.

तो मुलगा आजही आमच्या दुकानात आहे. त्याचे नाव आता चोपडीत पूर्ण लिहिले जाते, पगार बँकेत जातो, आणि पासपोर्ट व प्रमाणपत्रावरील नाव एक झाले आहे. त्याने पुन्हा अर्ज केला आहे. निवड झाली तर आमच्या दुकानाचा सर्वात चांगला कारागीर जाईल, आणि आम्हाला नुकसान होईल. ते नुकसान सोसायला आम्ही तयार आहोत. गेल्या खेपेला जे नुकसान त्याचे झाले, ते आमच्यामुळे झाले होते. व्यापारी बंधूंनी आज दुकान बंद करण्यापूर्वी एकदा आपली चोपडी उघडून पाहावी : आपल्याकडे राबणाऱ्या मुलांपैकी किती जणांचे पूर्ण नाव तिच्यात आहे?