बाळाचे वजन मोबाइल सांगेल?

इंदापूर तालुक्यातील कळंब-वालचंदनगर परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला की फडाशेजारी ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. अशा कोपीतल्या बाळंतिणीकडे आशाताई जाते ती झोळीचा वजनकाटा घेऊन. काटा शून्यावर नसेल, बाळ हातपाय झाडत असेल, दुपटे तसेच राहिले असेल, तर आकडा सहज चुकतो. शिवाय नोंदवह्यांत बरोबर अडीच किलोची बाळे जरा जास्तच जन्मतात, हे आरोग्य खात्यातले उघड गुपित.

काट्याऐवजी मोबाइल चालेल का? मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ या संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत बाळाचा छोटा व्हिडिओ आणि काही नोंदी यांवरून वजन, लांबी, डोक्याचा व छातीचा घेर काढला जातो. साध्या फोनवर, इंटरनेटविनाही ती चालू शकते. वजनातली सरासरी चूक ११४ ग्रॅम.

व्हिडिओच का? एकाच फोटोवरून शरीराचा त्रिमितीय आकार काढण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. पण जवळचे लहान बाळ आणि दूरचे मोठे बाळ फोटोत सारखेच दिसते. पाठ तर दिसतच नाही. न दिसणारा भाग संगणक आधी पाहिलेल्या शरीरांवरून भरून काढतो. या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा ‘एसएमपीएल’ हा २०१५ चा नमुना अमेरिका-युरोपातील प्रौढांच्या स्कॅनवर घडला आहे. आपली बाळे वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, की पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने हलकी असतात. स्नायू कमी, त्वचेखालची चरबी मात्र त्यामानाने टिकून. परक्या बाळांवर शिकलेला संगणक इथे फसू शकतो.

आता ११४ ग्रॅमचा हिशेब. चांगले दूध पिणारे बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते. म्हणजे ही चूक चार-पाच दिवसांच्या वाढीएवढी. अगदी अशक्त बाळ हेरायला ती चालेल; पण १४व्या आणि २१व्या दिवसाच्या भेटींमध्ये बाळ वाढले की नाही, हे तिच्यावर ठरवणे धोक्याचे. खरे २.४ किलोचे बाळ फोनवर अडीचच्या वर गेले, तर ते जोखमीच्या यादीतूनच सुटेल. तिथे काटाच हवा, तोही शून्यावर आणलेला. आणि बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, तर आकडा कोणताही येवो, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.