दात दुखण्याआधी

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल असते, सत्कारमूर्तींची छायाचित्रे असतात. तेथे दातांच्या तपासणीचा विषय काहीसा विसंगत वाटेल. तरीही आम्ही तो जाणीवपूर्वक निवडला आहे.

मुखस्वच्छतेला आपल्या परंपरेने कधीच क्षुल्लक मानले नाही. चुल्लवग्गात दंतकाष्ठ न वापरण्याचे पाच तोटे सांगून भिक्खूंना त्याची अनुज्ञा दिलेली आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगानेही विहारांतील या नित्यक्रमाची सविस्तर नोंद केली. दात घासण्याचा संस्कार आपल्या वसतिगृहातही रुजला आहे. प्रश्न आहे तो घासणाऱ्याला स्वतःच्या तोंडात जे दिसत नाही, त्याचा.

आपल्याकडे दंतवैद्याकडे जायचे ते गाल सुजल्यावर, आणि तेही दाढ उपटून घेण्यासाठी. परंतु या भागातले मुखाचे दोन मोठे विकार आरंभी दुखतच नाहीत.

पहिला खर्र्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ खाणीच्या पाळीवर, लग्नमंडपात आणि, खेदाने लिहावे लागते, शिक्षकांच्या खोलीतही पाहुणचार म्हणून पुढे केला जातो. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली. पानठेल्यावरचे घोटणे थांबले नाही. सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर ताठर होत जाते, तिखट झोंबू लागते, पुढे तोंडच उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये जात नसतील, तर तपासणीस विलंब करू नये. पांढरा वा लाल चट्टा वेळीच सापडला, तर कर्करोग रोखण्याची संधी हाती असते.

दुसरा विकार पाण्यातील फ्लोराइडचा. ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक असेल, तर हिरडीखाली घडत असलेल्या दातांवरच डाग उमटतात आणि दात डागांसह बाहेर येतात. कोणताही ब्रश ते काढू शकत नाही. अशा मुलाला भर वर्गात ‘दात घासत नाहीस का?’ असे दरडावणे हा निव्वळ अन्याय होय. एकाच गावची चार मुले अशी आढळली, तर ती त्या गावच्या हातपंपाची बातमी समजावी.

पालकांना आणखी एक सांगावेसे वाटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ कायमची असते. ती कोणताही दुधाचा दात न पडता मागे उगवते. म्हणून तिला दुधाची समजून किडू दिले जाते. वृद्धांच्या बाबतीत मधुमेह आणि हिरड्यांचा संबंध निकटचा आहे. सैल कवळीचे घासणेही दुर्लक्षू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांना तपासताना दातही पाहतात. थोरांना मात्र आपणहूनच जावे लागते, आणि ते जात नाहीत. म्हणून आमची सूचना अशी की, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दरवर्षी नोंदणीच्या टेबलाशेजारी एक खुर्ची, एक विजेरी आणि एक दंतवैद्य असावा. त्या खुर्चीवर प्रथम आम्ही शिक्षकांनी बसावे.