खैरलांजी : फाशी सुनावली, ॲट्रॉसिटी सुटली

संपादक महोदय,


आपल्या गेल्या अंकातील जलदगती न्यायालयांवरच्या लेखात खैरलांजीचा खटला ‘वेळेत मिळालेल्या न्याया’चा दाखला म्हणून दिला आहे. नुसत्या तारखा पाहिल्या तर तसे वाटेलही. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. २४ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. दोन वर्षांना पाच दिवस कमी. बांधाच्या साध्या दाव्याला आमच्याकडे याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, हे तीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढल्यावर मी सांगू शकतो.

आठ जणांवर खुनाचा गुन्हा शाबीत झाला, हेही थोडके नाही. बिहारच्या लक्ष्मणपूर बाथेत १९९७ मध्ये ५८ माणसे मारली गेली आणि २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने २६ जणांना निर्दोष सोडले. त्या मानाने भंडाऱ्यात सरकारी पक्षाने बरेच काही पदरात पाडून घेतले. पण कशाची शिक्षा झाली एवढेच लेखकाने पाहिले. आरोपी कशातून सुटले, तिकडे त्यांची नजर गेली नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे शाबीत झाली नाहीत. कट शाबीत झाला नाही. विनयभंगही नाही, आणि मुलीचा मृतदेह तर कालव्यात विवस्त्र सापडला होता! न्यायालयाच्या मते हे सूडातून झालेले खून होते. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. तिथेही सूडाचेच कारण टिकले.

सूड कशाचा? महिनाभर आधी भोतमांगे कुटुंबाच्या जवळच्या एका पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. सुरेखाबाईंनी मारणाऱ्यांना ओळखले आणि तसा जबाब दिला. त्यातले आरोपी २९ तारखेला जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी भोतमांग्यांच्या दारात आले. आता ज्याने कोणी खेड्यात दिवस काढले आहेत त्याने सांगावे : गावातल्या मोठ्या जातीच्या घरातल्या बाईने हाच जबाब दिला असता, तर तिचे अख्खे घर संपवायला एवढे लोक जमले असते का? सूड होता, मान्य. पण एका बौद्ध बाईने आपल्याविरुद्ध तोंड उघडले, हा अपमान त्या सूडाच्या मुळाशी होता. त्या घराची शेती होती, पोरे शिकत होती, वाटेच्या भांडणात ते घर मागे हटत नव्हते. यातली एकेक गोष्ट सुटी काढली की ती ‘जुने भांडण’ दिसते.

आमच्या तालुका कोर्टात हा शब्द मी शेकडो कागदांवर वाचला आहे : ‘पूर्ववैमनस्यातून’. ठाण्यातला लिहिणारा हवालदार तो सवयीने लिहितो. जबाब घेतानाच जातीचा उल्लेख वगळला की पुढे न्यायाधीशासमोर तो येणार कुठून? मीही अशा खटल्यांत आरोपीच्या बाजूने उभा राहून हाच शब्द वापरला आहे; तो चालतो, म्हणूनच वापरला. खैरलांजीत तर पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची शक्यता नीट तपासलीच गेली नाही. पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले, तोवर पुरावा उरतो कुठे? अटक चाळिसांहून अधिक जणांना झाली होती. सीबीआयचे आरोपपत्र गेले अकरा जणांवर.

यावर नेहमीचा प्रश्न येतो : जन्मठेप ती जन्मठेप, कलमाने काय फरक पडतो? पडतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला सरकारी नोकरही गुन्हेगार ठरतो. मूळ गुन्ह्यातून जात गेली, की ठाण्यात आणि शवागारात झालेली हयगय खात्यांतर्गत चौकशीपुरती उरते. न्यायालयाचा नाइलाज होता असेही मला वाटत नाही. तेव्हाच्या कलम ३(२)(५) मध्ये ‘जातीच्या कारणावरून’ अशी अट होती, आणि ‘कारण’ म्हणजे ‘एकमेव कारण’ असा तिचा अर्थ लावण्याची रीत पडली होती. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत पीडिताची जात माहीत असणे पुरेसे ठरले, आणि ओळखीच्या आरोपीला ती माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, जात हे अनेक कारणांपैकी एक असले तरी जुने कलम लागू होऊ शकते. म्हणजे खैरलांजीत जी वाट बंद मानली गेली, ती उघडी होती.

आणखी एक. उच्च न्यायालयाचा निकाल आला त्याच वर्षी, २०१० मध्ये, तंटामुक्त गाव पुरस्काराच्या यादीत खैरलांजीचे नाव होते. तंटा करणारे घरच उरले नव्हते, तेव्हा गाव तंटामुक्त झाले, असे म्हणायचे काय?

सुरेखाबाईंचे पती भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ ला नागपुरात वारले. सर्वोच्च न्यायालयातले प्रकरण तेव्हा पडूनच होते. ‘जलद’ हा शब्द आपल्या लेखकांनी या खटल्याला लावला आहेच, तर पुढच्या अंकात निदान दोन ओळींची दुरुस्ती छापावी : कोणत्या कलमांतून आरोपी सुटले ते, आणि भैयालाल किती वर्षे वाट पाहत राहिले ते.

आपला,
एक निवृत्त वकील, नागपूर