६०६ डॉलर, १७ सेंट

परवा आमचा पुतण्या काळा टी-शर्ट घालून घरी आला. छातीवर पिवळा चेहरा, डोळ्यांच्या जागी फुल्या आणि वर इंग्रजी अक्षरांत 'निर्वाणा'. आमच्या आईने विचारले, "हे आपल्या धम्मातलं हाय का रे?" पोरगा हसला. "नाही आजी, अमेरिकेतला बँड होता."

शब्द आपल्या ओळखीचा, म्हणून आम्ही चौकशी केली. नावामागे साधना वगैरे काही नाही. इतर बँडांची नावे दांडगी, शिवराळ. आपले काहीतरी सुंदर असावे, एवढाच गायक कर्ट कोबेनचा हेतू होता. तो लाकूडतोडीवर जगणाऱ्या ॲबरडीन गावचा. बाप मोटार मेकॅनिक, आई हॉटेलात वाढपी. कर्टने स्वतःही झाडलोटीची नोकरी केली होती.

या पोरांचा पहिला अल्बम १९८९ साली निघाला. स्टुडिओचे बिल झाले ६०६ डॉलर १७ सेंट. आम्ही पडलो कारकून, त्यामुळे सतरा सेंटांवर नजर अडकली. बिल भरले जेसन एव्हरमन नावाच्या मित्राने. त्याने एकही सूर वाजवला नव्हता, तरी कव्हरवर त्याचे नाव गिटारवादक म्हणून छापले. उपकाराची नोंद ठेवायची ही रीत आम्हांला आवडली.

दुसऱ्या अल्बमची तयारी एप्रिल १९९० मध्ये, मॅडिसन शहरात बुच विग या निर्मात्याकडे सुरू झाली. पण पुढे ड्रमवाला बदलला. नवा आला डेव्ह ग्रोल. मग टॅकोमा गावात एका गोठ्यात या तिघांनी तालमी केल्या. तिथे साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट विगकडे गेली. आवाज फाटलेला, पण गाणी बसलेली! आता मोठ्या कंपनीशी करार झाला होता. तरीही लॉस एंजेलिसला निघण्याआधी पेट्रोलपाण्यासाठी त्यांनी सिॲटलच्या हॉटेलात एक कार्यक्रम केला. तारीख १७ एप्रिल १९९१.

मे महिन्यात साउंड सिटी स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. कर्टला एकच ओळ दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवणे खोटेपणाचे वाटे. विगने सांगितले, "जॉन लेनननेही केले होते." झाले, पठ्ठ्या तयार! एक गाणे मात्र काही केल्या जमेना. तेव्हा कर्ट यंत्रांच्या खोलीतल्या कोचावर आडवा झाला आणि जवळजवळ पुटपुटत गायला. विगने पंखे-टेलिफोन बंद केले आणि तिथेच माइक लावला. बाकी वाद्ये नंतर त्या पुटपुटण्याच्या मागून चालवली.

'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबर १९९१ ला बाजारात आला. अमेरिकेत पहिल्या खेपेला ४६,२५१ प्रती पाठवल्या होत्या. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनला, होय, १९९६ ला अंधेरीत नाचून गेलेल्या त्याच जॅक्सनला, पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवले. कर्टला मात्र पुढे हा अल्बम फारच गुळगुळीत वाटू लागला. नशेने आणि आजारपणाने पोखरलेल्या या पोराने एप्रिल १९९४ मध्ये स्वतःचा जीव घेतला. वय अवघे २७. हे आम्ही पुतण्यापासून लपवले नाही. त्याला ते आधीच ठाऊक होते.

टी-शर्टामागची गोष्ट पुढे निघाली. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र पगारातून वर्गणी काढून तासाच्या भाड्याने स्टुडिओ घेणार आहेत. आम्ही विचारले, "गाणी किती बसलीत?"

"तिथे गेल्यावर बसवू."

"म्हणजे मीटर चालू ठेवून तालीम? त्या पोरांनी आधी गोठ्यात घाम गाळला, तुम्हीच सांगितलेत ना?"

पुतण्याने मान खाली घातली. "काका, दहा बाय दहाच्या खोलीत ड्रम वाजवला तर शेजारी मारतील. गोठा कुठून आणू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळी चप्पल घातली आणि समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांच्या दाराशी जाऊन उभे राहिलो.